वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात ॲरिझोनाला जावं का?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा ॲरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. कधीपासून बोलावतोय. गुहागरजवळ आमची हापूसची कलमं आणि थोडं आगर आहे. मेअखेर आंबा आटोपला की जूनमध्ये निघावं, पावसाचे महिने तिकडे काढावेत आणि दसऱ्याला परतावं, असं मनात आहे. नाही तरी पावसात इथे घरातच कोंडलेले असतो. माझं वय ६७. पत्नीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दोघांनाही पहाटे चालायची सवय आहे. तिथे करमेल का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : करमेल, भाऊ. पण जूनमध्ये जाऊ नका. तुमच्या पत्राचं खरं उत्तर एवढंच आहे, बाकीचं कारणांसकट सांगते. माझी मुलगी चँडलरला लागून असलेल्या गिल्बर्टमध्ये राहते. दापोली तालुक्यात शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून माझं तिच्याकडे जाणंयेणं असतं, आणि तो मुलूख मी उन्हाळ्यात आणि थंडीत, दोन्ही वेळा पाहिलेला आहे.

फिनिक्स आणि त्याच्या भोवतीची मेसा, टेंपी, चँडलर, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल ही सगळी शहरं एकाच वाळवंटी खोऱ्यात, एकमेकांना चिकटून वसलेली आहेत. वर्षभराचा पाऊस १८० ते २०० मिलिमीटर. आपल्याकडे आषाढात एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. तुमचा जून ते सप्टेंबर हाच तिथला सगळ्यात कठीण काळ. जुलैत दुपारचा सरासरी पारा ४१ अंशांच्या पुढे असतो. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस तो ४३ च्या पुढे गेला आणि त्याच जुलैत एका रात्री ३६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं, त्यामुळे पहाटे पाचला बाहेर पडलात तरी गारवा मिळत नाही. इथे पावसात निदान पडवीत बसून पागोळ्या बघता येतात, शेजारी येऊन बसतो. तिथे जुलैत दारं-खिडक्या बंद, एसी चालू आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. मुलगा-सून कामावर गेल्यावर तुम्ही दोघं करणार काय?

आपल्या घामाची सवय तिथे उपयोगी पडत नाही, हे नीट लक्षात घ्या. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो. तहान लागेपर्यंत शरीरातलं पाणी बरंच कमी झालेलं असतं. वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘कोरड्या उष्ण हवेत जातोय’ असं स्पष्ट सांगून विचारा. आणि अनवाणी बाहेर पाऊल टाकायचं नाही! आपण सहज खळ्यात उतरतो तसं तिथे चालत नाही. उन्हातलं डांबर ७० अंशांपर्यंत तापतं. त्यावर पडून भाजलेली माणसं तिथल्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात दाखल होतात.

दुसरं कारण तुमच्या बागेतलं आहे. कलमांना मोहोरासाठी कल्टार हे औषध देत असाल तर ते जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचं काम. ते दुसऱ्यावर सोडून जाऊ नये. म्हणून माझं म्हणणं असं : पावसाळा इथेच काढा, भातकापणी उरका, दिवाळी करून निघा. नोव्हेंबरात तिथे दुपारी पंचविसाच्या आसपास पारा, डिसेंबरात दुपारी १९-२० आणि पहाटे सहा-सात. स्वेटर लागेल, पण ऊन सुरेख असतं. मोहोराची फवारणी तुमच्याशिवाय होत नसेल तर तुम्ही डिसेंबरच्या मध्याला परत या आणि वहिनींना मार्चपर्यंत राहू द्या. व्हिजिटर व्हिसावर उतरताना साधारण सहा महिने मुक्काम मिळतो. मार्चमध्ये जुन्या वस्त्यांतली संत्र्याची झाडं फुलतात आणि अख्ख्या गल्लीला वास येतो. तो वहिनींना मिळायला हवा.

आता चालण्याचं. मोठे रस्ते तिथे मैलामैलावर चौकटीत आखलेले आहेत. दुकान नकाशात जवळ दिसलं तरी सहा पदरी रस्ता ओलांडूनच जावं लागतं. पण कालव्यांच्या कडेने मैलोन्मैल सपाट वाटा आहेत, मुलाला त्याच दाखवायला सांगा. ते कालवे हे त्या मुलखाचं मला सर्वांत आवडलेलं रूप. तिथल्या मूळ रहिवाशांनी, होहोकाम लोकांनी, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी हातांनी कालवे खणून तिथे शेती केली. ते गेले, आणि १८६७ नंतर आलेल्या लोकांनी काही ठिकाणी त्याच जुन्या चरांच्या रेषा धरून पाणी पुन्हा आणलं. १९११ मध्ये रूझवेल्ट धरण झालं. पुढे कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून वर चढवून आणलं. नळ उघडताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

मेसा, टेंपी आणि गिल्बर्टच्या काही जुन्या वस्त्यांत आजही घराच्या आवारात कालव्याचं पाणी सोडतात. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी, थंडीत चार आठवड्यांनी पाळी येते, आणि ती रात्री दोनलाही येऊ शकते. पाटाच्या तोंडाची फळी वर उचलली की पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत पसरत जातं, अगदी आपलं आगराचं शिंपणं! मुलाला सांगून हे एकदा बघाच. तुमच्याइतकं ते तिथल्या शेजाऱ्यांनाही कळणार नाही. गिल्बर्टच्या रायपेरियन प्रिझर्व्हमध्ये वापरून शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात. थंडीत तिथे बगळे, बदकं, पाणकावळे असतात आणि बसायला बाकं आहेत. सकाळ तिथे घालवा.

धुळीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. तिथल्या मातीत एक बुरशी असते, ती श्वासातून गेली की ‘व्हॅली फीव्हर’ होतो. एकापासून दुसऱ्याला लागत नाही, बऱ्याच जणांना कळतही नाही, पण काहींना आठवडेच्या आठवडे ताप, खोकला आणि थकवा राहतो. परत आल्यावर असं काही झालं तर डॉक्टरांना ‘ॲरिझोनाहून आलोय’ हे आधी सांगा. इकडे ते सहज सुचणारं निदान नाही आणि लक्षणं क्षयासारखी वाटू शकतात.

विंचू आहेत. लहान, भुरे, भिंतीवर चढणारे. रात्री जांभळ्या अतिनील टॉर्चमध्ये चमकतात, म्हणून तिथली माणसं टॉर्च घेऊन अंगण तपासतात. पण ज्या कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून ती वाचवायला सुरुवात केली, तिथले आपण. चप्पल झटकून घालायची हे आपल्याला सांगावं लागत नाही.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, आणि ॲरिझोनाच्या बहुतेक भागात ते वर्षभर बदलत नाहीत. बागेतल्या गड्याशी बोलायची वेळ एकदा ठरवलीत की ठरली.

प्रश्न : लग्नानंतर मालवणहून चँडलरला जाते आहे. मला गाडी चालवता येत नाही. घर भाड्याने कुठे बघावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बाळ, गाडी शीक. इथेच सुरुवात कर, तिथे उजव्या बाजूने चालवायची सवय करून घे. तोवर टेंपी किंवा मेसामध्ये लाइट रेलच्या, म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या रेल्वेच्या, जवळ बघ, कारण ती चँडलर-गिल्बर्टपर्यंत जात नाही. चँडलरमध्ये बिनचालकाच्या टॅक्सी आहेत, पण रोजच्याला त्या परवडतीलच असं नाही. घर बघताना एसी किती जुना आहे ते विचार, पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली आहे का बघ आणि गाडीला छप्पर आहे का बघ. उन्हाळ्यातली विजेची बिलं आधीच्या भाडेकरूला विचार. पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच, पुढे लेकरं होतील.

धुळीचं वादळ गाडीत गाठलं तर रस्त्यापासून जितकं बाजूला जाता येईल तितकं जायचं, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा त्यांच्या रोखाने येऊन आदळतो.

आणि पुढेमागे विकत घ्यायचं ठरलं तर अगदी कडेच्या नव्या वसाहतींत पाणी कुठून येतं हे पहिलं विचार. फिनिक्सच्या परिसरात नुसत्या भूजलावर अवलंबून असणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी देणं राज्याने २०२३ मध्ये थांबवलं. त्याच वर्षी जानेवारीत स्कॉट्सडेलच्या वेशीबाहेरच्या रिओ व्हर्दे फूटहिल्समधल्या शेकडो घरांचं टँकरचं पाणी शहराने तोडलं.

प्रश्न : लेकीसाठी चार हापूस नेता येतील का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. ताजी फळं, रोपं, बिया सामानात न्यायच्या नाहीत. २००७ पासून किडीच्या बंदोबस्तासाठी विकिरण केलेला भारतीय आंबा तिकडे रीतसर जातो, तो तिला हंगामात दुकानात शोधू दे. तुम्ही आमसुलं, कुळथाचं पीठ आणि आंबापोळी न्या, आणि अधिकाऱ्याने विचारण्याआधीच खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सांगा.