गावाकडच्या आईची शुगर-बीपी व्हिडिओ कॉलवर सांभाळता येते का?

तुम्ही लिहिलंय की आई गगनबावडा तालुक्यात गावी एकटी असते, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, तुम्ही पुण्यात. दर महिन्याला तिला कोल्हापूरला आणणं होत नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवून उपयोग होतो की नुसती फी जाते, आणि डॉक्टरांना यातून काय मिळतं, असं विचारलंय.

मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. माझं म्हणणं असं, की पहिल्यांदा आईला समोर बसवून नीट तपासून घ्या आणि मग मधल्या भेटी खुशाल व्हिडिओवर करा. या आजारांत बिघडतं ते मधल्या काळातच. गोळ्या संपतात, गुडघे धरलेले असतात, रोपलावण चालू असते. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की एसटी बंद. मग पेशंट येतो तो चार महिन्यांनी, शुगर तीनशेवर गेल्यावर.

2021 च्या जुलैतल्या पुरात मी बरेच जुने पेशंट फोनवरच सांभाळले. त्यातले एक आजोबा अजून डोळ्यांसमोर आहेत. इन्सुलिन घेऊनही त्यांची शुगर उतरत नव्हती आणि मी दोनदा डोस वाढवला होता. त्या दिवशी त्यांना म्हटलं, सुई कशी घेता ते दाखवा बघू. नातवानं मोबाईल धरला. रोज बेंबीच्या डावीकडे, त्याच जागी. तिथं लिंबाएवढी गाठ झाली होती. अशा गाठीतून इन्सुलिन रक्तात नीट जात नाही. जागा बदलायला सांगितली आणि डोस उलट कमी केला, नाहीतर शुगर एकदम खाली आली असती. दवाखान्यात बाहेर नंबर लावून माणसं बसलेली असताना मी त्यांचं पोट कधी उघडून पाहिलंच नव्हतं. ती चूक माझीच होती.

डॉक्टरांना काय मिळतं, याचं माझं उत्तर हेच आहे: पेशंटचं घर दिसतं. मी प्रत्येकाला गोळ्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडायला लावतो. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दोन्ही वेळा चालू असल्याचं त्यातूनच कळतं. बीपीचंही तसंच. दोन तास एसटीत उभं राहून, जिना चढून आलेल्या मावशींचं बीपी वाढलेलंच दिसणार. घरी पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, उघड्या दंडाला पट्टा बांधून घेतलेले आकडे मला जास्त खरे वाटतात. फक्त घरच्या मोजणीत 135/85 ही मर्यादा धरतात, दवाखान्यातली 140/90 नाही. शिवाय अशा भेटी मी दुपारी घेतो, त्यामुळे ज्यांना हात लावून तपासायलाच हवं त्यांना ओपीडीत वेळ देता येतो. आणि तुमच्यासारखा मुलगा पुण्यातून त्याच कॉलवर आला, तर औषध का बदललं ते दोनदा सांगावं लागत नाही.

कायद्याची शंका असेल तर, टेलिमेडिसिनचे नियम 25 मार्च 2020 ला आले आहेत. डॉक्टर नोंदणीकृत हवा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आणि सही असली की ती औषध दुकानात चालते. सवय लागणारी काही औषधं मात्र अशी लिहून देता येत नाहीत. कॉल चालू असताना डॉक्टरांनी ‘प्रत्यक्ष या’ म्हटलं तर टाळू नका.

फीची अडचण असेल तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा मोफत आहे. आईकडे स्मार्टफोन नसला तरी जवळच्या उपकेंद्रात चौकशी करा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर मोजून डॉक्टरांशी जोडून देतात. माझ्या मते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे जास्त सोयीचं, कारण मोजणारा माणूस शेजारी असतो.

कॉलच्या आधी आठवडाभराचे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवायला सांगा. ‘बरी आहे’ एवढ्यावर मला औषध ठरवता येत नाही.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. थेट 108.

आणि पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा या गोष्टी मला कॅमेऱ्यातून तपासता येत नाहीत. दिवाळीला तुम्ही गावी जालच, तेव्हा एक दिवस काढून आईला कोल्हापूरला आणा. येताना ती वही आणि गोळ्यांचा डबा विसरू नका.