जिनिंगमध्ये दिसणारी लांब बूमची फोर्कलिफ्ट कशी चालते? शेतकऱ्याने ती घ्यावी का?

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, तुम्हाला दिसली ती टेलिहँडलर. आमच्या वणीकडे तिला सरसकट लोडॉल म्हणतात. जेसीबी १९७७ पासून ही मशीन त्याच नावाने विकते. मी जिनिंगचं यार्ड सांभाळतो, त्यामुळे तिच्याशी रोजचाच संबंध.

साध्या फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे फोर्क (माल पेलणारे दोन दांडे) वर-खाली नेणारा खांब, समोर उभा असतो. माल सरळ वर जातो, सरळ खाली येतो. तिची लहान चाकं सिमेंटच्या फरशीवर ठीक, पावसानंतरच्या काळ्या मातीत तिचं काम नाही. लोडॉलची चाकं मोठी, चारही ओढणारी, आणि बूम मागच्या बाजूला पिनवर बसवलेला. बूम म्हणजे एकात एक सरकणारे पोलादी खोके. एक हायड्रॉलिक सिलिंडर तो उचलतो, दुसरा आतला भाग बाहेर ढकलतो. बूमखाली आणखी एक सिलिंडर असतो. बूम वर जाईल तसं तो फोर्कच्या सिलिंडरला तेल देतो आणि फोर्क सपाट राहतात. नाहीतर वर गेलेल्या कापसाच्या दाबून बांधलेल्या गाठी मागे घरंगळून केबिनवरच यायच्या.

मेख आहे ती अंतराची. जेसीबीचं ५३०-७० मॉडेल ३ टन उचलतं आणि ७ मीटर उंच जातं, पण ते ३ टन बूम आत असताना. बूम पुढे पूर्ण बाहेर काढला तर निम्मंही पेलत नाही. पुढचा भार वाढला की मागचा ॲक्सल हलका होतो. तिथला सेन्सर ते ओळखतो आणि केबिनमध्ये हिरवा, मग पिवळा, मग लाल दिवा लागतो. लाल दिसला की नवखा ऑपरेटर घाबरून बूम खाली घ्यायला जातो. हेच करायचं नाही! उभा बूम खाली झुकताना माल आणखी पुढे जातो आणि मशीन नाकावर आपटते. आधी बूम आत ओढायचा, मगच खाली.

आमच्याकडे फोर्क काढून ग्रॅब (माल पकडणारा पंजा) लावतात आणि कापसाची गंजी उंच रचतात. गाठींसाठी क्लॅम्प, एक गाठ साधारण १७० किलोची, त्यामुळे दोन-चार एकदम उचलणं तिला जड नाही. बांधकामावर विटा, सळई, सिमेंट वरच्या मजल्यावर पोचवायलाही तीच. जिनिंगमध्ये एक कटकट मात्र कायमची: रेडिएटरच्या जाळीवर रुईचा थर बसतो, इंजिन तापतं, म्हणून हवा मारून जाळी सारखी साफ करावी लागते. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी नसेल तर ती मशीन कापसाजवळ आणूच देऊ नये.

आता शेतकऱ्याने घ्यावी का? कुटार, कडबा, शेणखत भरायला ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर पुरतो आणि खर्चही कितीतरी कमी. कापसाचा हंगाम संपल्यावर बांधकामावर भाड्याने देता येत असेल, तरच लोडॉलचा हप्ता निघतो.