वाचक विचारतात: टप उघडला की खर्ज कुठे जातो?

टप उघडणाऱ्या दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांच्या साउंड सिस्टिमबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: टप बंद असताना गाणी छान वाजतात. टप उघडून ८०च्या पुढे गेलो की झांजा आणि गायकाचे ‘स’, ‘श’ तेवढे ऐकू येतात, खर्ज पार गायब. १२ इंची सबवूफर बसवू का?

सबवूफरचा नंबर शेवटी लावा. बंद गाडी ही एक लहानशी कोंडलेली पेटी असते. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे केबिनपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा शंकू) हलला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि खालचे सूर फुकटात वाढतात. टप उघडताच तो दाब निसटतो. त्यात वाऱ्याचा आणि टायरचा आवाज बराचसा खालच्याच पट्टीत असतो, तो उरलासुरला खर्ज झाकतो. झांजा वरच्या पट्टीतल्या, म्हणून त्या तरतात.

पण तुम्हाला ‘खर्ज’ म्हणून जे हवं आहे, म्हणजे ड्रमचा ठोका, बेस गिटार, आवाजाचा भरदारपणा, ते बहुतेक ८० ते ३०० हर्ट्झमध्ये असतं. हे काम दारातल्या स्पीकरचं. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी आसनांमागे वारा अडवणारी जाळी किंवा काच (नसेल तर), मग दारं आणि त्यातले स्पीकर, मग अँप्लिफायर, आणि पैसे व जागा उरली तर सबवूफर. जाळीला नाक मुरडू नका. मागून डोक्यावर उलटा येणारा वारा कमी झाला की तेच स्पीकर आहे त्या आवाजात जास्त ऐकू येतात.

थोडं गणितही करा. आवाज ३ डेसिबलने वाढवायला ताकद दुप्पट लागते. गाडीच्या मूळ हेड युनिटवर (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर) ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी सलग मिळणारे, म्हणजे आरएमएस, वॅट १५ ते २०च असतात. २० वॅटवरून ८० वर गेलात की ६ डेसिबल मिळाले. आणि ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (ठरावीक ताकदीत किती आवाज मिळतो, त्याचं माप) स्पीकर घेतलात तर ३ डेसिबल एक वॅटही न वाढवता. मात्र तो आकडा १ वॅटवर मोजलाय की २.८३ व्होल्टवर, ते पाहा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की २ वॅट होतात, म्हणजे कागदावर ३ डेसिबल उगाच फुगतात. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत.

प्रश्न: दारात साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे असलेला) बसवायचा आहे. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग करून, आतलं प्लास्टिक कापून बसवू असं फिटर म्हणतो. चालेल का?

दोन्ही नको. दाराच्या आत पाणी येतंच. काचेला लागून ओघळतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. एमडीएफ हे पाणी पिऊन फुगतं, स्क्रूची पकड सुटते आणि सहा-आठ महिन्यांत स्पीकर खुळखुळायला लागतो. रिंग एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकची घ्या. लाकूडच हवं असेल तर मरीन प्लाय, तेही कडांसकट इपॉक्सी मारून. आतलं प्लास्टिक, म्हणजे तो पातळ पडदा, ओली बाजू आणि कोरडी बाजू वेगळी ठेवतो. तो कापला तर पाणी ट्रिममागे, म्हणजे दाराच्या आतल्या पॅनेलमागे, उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये जातं आणि वास आल्यावरच कळतं. सोडवावाच लागला तर ब्युटिलच्या (चिकट रबरी) दोरीने पूर्ववत चिकटवा.

काहीही विकत घेण्याआधी खोली मोजा. काच पूर्ण खाली घ्या आणि स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. त्यात रिंगची जाडी मिळवा, ५ ते ६ मिलिमीटर वजा करा. तेवढीच स्पीकरची जास्तीत जास्त खोली. समजा ५२ मिलिमीटर जागा आहे आणि रिंग १२ची, तर ५८ मिलिमीटरपर्यंतचा स्पीकर चालेल. काच अर्धी खाली ठेवून मोजण्याची चूक हमखास होते. मग पहिल्यांदा काच पूर्ण उतरवली की ती मॅग्नेटवर आपटते. उलट बाजूही पाहा: जाड रिंगमुळे स्पीकर पुढे सरकतो आणि मोठ्या आवाजात रबरी कडा ट्रिमच्या आतल्या जाळीला घासते. फडफड ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला जातो.

आता दार बंदिस्त करणं. आमच्या मते महागड्या स्पीकरपेक्षा या अर्ध्या दिवसाच्या कामाने जास्त फरक पडतो. कोनाच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागची लहर पुढे येऊन खर्ज खोडून टाकते. म्हणून बाहेरच्या पत्र्यावर ब्युटिलची मॅट ठिकठिकाणी, एकूण ३० ते ४० टक्के भागावर पुरते; पत्र्याचं वाजणं तेवढ्याने थांबतं. आतल्या पत्र्यावर मात्र भोकं बुजवायची आहेत. मोठ्या भोकांवर आधी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा आणि वर मॅट लावा. नुसती मॅट उन्हात तापून आत झोळते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि लोखंडी रोलर फॉइलवरचे उठाव सपाट होईपर्यंत फिरवा. तळाची निचऱ्याची भोकं आणि काचेच्या यंत्रणेचा मार्ग मोकळा ठेवा. शेवटी स्पीकर आणि ट्रिम यांच्यामध्ये फोमची रिंग लावा, म्हणजे आवाज ट्रिमच्या मागे न घुसता थेट जाळीतून बाहेर येतो. ही रिंग जवळपास सगळेच विसरतात.

एक धोका लक्षात ठेवा. काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. अशा दाराची भोकं बुजवली किंवा नवी पाडली तर एअरबॅगचं गणित चुकू शकतं. आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आधी पाहा आणि असा सेन्सर असेल तर बंदिस्त करण्याचा नाद सोडा.

कोन पॉलिप्रॉपिलीनचा किंवा लेप दिलेल्या कागदाचा, कडा रबराची. फोमची कडा ऊन आणि ओल यांनी भुसभुशीत होऊन सुटते. स्पीकरच्या मागे वरून एक छोटी प्लास्टिकची पन्हाळ लावलीत की मॅग्नेटवर पाणी पडत नाही.

प्रश्न: ७५ वॅट गुणिले ४चा अँप लावला. तेव्हापासून ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी येते आणि रेसबरोबर चढत जाते. वायर बारीक पडली का?

वायर कदाचित बारीक असेलही, पण शिट्टीचं कारण बहुधा अर्थिंग. अल्टरनेटरचा आवाज दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकातून शिरतो. इंजिन चालू ठेवून आवाज कमी करा, अँप बंद करून आरसीए (हेड युनिटकडून अँपला सिग्नल आणणाऱ्या केबल) काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर ती हेड युनिटकडून किंवा आरसीए केबलमधून येते आहे. तसंच राहिलं तर अँपचं अर्थिंग किंवा पॉवर पाहा.

अर्थिंगची वायर ४५ सेंटिमीटरच्या आत, पॉवरच्या वायरइतकीच जाड. जिथे लावायची तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, गोल थिंबल क्रिंप करून दातेरी वॉशरसकट बोल्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर उघडा पत्रा गंजतो. सीटबेल्ट किंवा आसनाचा बोल्ट यासाठी वापरू नका. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

वायरचा हिशेब: ३०० वॅट, क्लास डी अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ओढ ३७५ वॅट. १३.८ व्होल्टवर हे २७ अँपिअर झाले. ४ मीटर लांबीला १० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते, जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत दीडपटीहून जास्त रोध देते, म्हणजे ती घ्यायची तर १६ची. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो फ्यूज वायरीसाठी आहे. अँपला स्वतःचे वेगळे असतात. बॅटरी डिकीत असेल तर काम सोपं, फक्त तिची बाहेर जाणारी वायूची नळी जागा करताना उपटू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

अँप डिकीच्या तळाला थेट ठेवू नका. टपाच्या पन्हाळीतलं पाणी आसनांमागच्या निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं. पाल्यापाचोळ्याने ती तुंबली की पाणी पहिलं तिथेच साचतं.

आणि गेनची कळ (येणाऱ्या सिग्नलशी अँपची पातळी जुळवणारी) आवाज वाढवायला नाही. ७५ वॅट, ४ ओहम: ७५ गुणिले ४ बरोबर ३००, त्याचं वर्गमूळ १७.३ व्होल्ट. स्पीकर सोडवा, अँपचा क्रॉसओव्हर (सूर पट्ट्यांत वाटणारा फिल्टर) बंद करा, हेड युनिटचे बास-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन चतुर्थांश. ३०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून १७.३ दिसेपर्यंत गेन चढवा. स्वस्त मल्टिमीटर ४००च्या वर चुकीचं वाचतात, म्हणून ३००. मग स्पीकर जोडा आणि दारांना ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा. टप उघडा असताना १०० ते १२०. नको त्या खालच्या सुरांवर कोन दमला नाही की वरचे मोकळे निघतात.

प्रश्न: तरी सबवूफर हवाच असेल तर कुठे?

डिकीत ठेवाल तर आवाज धातूच्या आडभिंतीमागे अडकतो, आणि टप डिकीत घडी होणारा असेल तर खोकं आणि टप यांची एकाच जागेवरून भांडणं. शेजारच्या प्रवाशाच्या पायाखाली ८ इंची सीलबंद खोकं जास्त कामाचं. ४० बाय २५ बाय १२ सेंटिमीटर आतलं माप म्हणजे १२ लिटर, कमी खोलीच्या ८ इंचीला पुष्कळ. वर मजबूत लोखंडी जाळी, खाली घट्ट पट्ट्या. अपघातात सुटलेलं खोकं पायावर येतं. लोपास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झ.

प्रश्न: डोक्याजवळ, हेडरेस्टमध्ये स्पीकर लावले तर?

कल्पना चांगली आहे. माझदा एमएक्स-५मध्ये असे स्पीकर येतात. कान वीसेक सेंटिमीटरवर असल्यामुळे थोड्या ताकदीत वाऱ्यावर मात होते, फोनचं बोलणं तर हमखास कळतं. पण गाणं मागून यायला लागतं. डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र) असेल तर त्यांना उशीर द्या: आवाज १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. दारातला स्पीकर कानापासून १०५ सेंटिमीटरवर आणि हेडरेस्टमधला २० वर, तर फरक ८५ आणि उशीर अडीच मिलिसेकंद. पातळीही दारांपेक्षा ६ डेसिबल खाली ठेवा. डीएसपीत टप उघडा आणि टप बंद अशी दोन सेटिंग साठवा. उघड्यासाठी केलेलं ट्यूनिंग बंद गाडीत घुमतं.

आसन उघडायचं तर आधी बॅटरी काढा, मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे. आसनाच्या बाजूचं शिवण तर मुळीच कापू नका.

प्रश्न: गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. अँपमुळे?

अँपची रिमोटची (त्याला चालू-बंद करणारी) वायर कायम चालू असलेल्या तारेला जोडलेली दिसते. वाजत नसतानाही अँप १ अँपिअरच्या आसपास खातो, दिवसाला २४ अँपिअर-तास. ६०ची बॅटरी अडीच दिवसांत रिकामी. रिमोट हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या तारेला किंवा चावीबरोबर बंद होणाऱ्या तारेला जोडा. मग दारं बंद करून अर्धा-पाऊण तास गाडी झोपू द्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि त्याची वायर यांच्या मध्ये, अँपिअरवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर अँपचा फ्यूज काढून पुन्हा पाहा. आकडा हलला नाही तर अँपला सोडा आणि गाडीचे बाकीचे फ्यूज एकेक करून काढत जा.