दुसऱ्या तक्त्यावर खूण का नाही?

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

जर्नल क्लबसाठी, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करण्याच्या आपल्या बैठकीसाठी, तू निवडलेला औषधचाचणीचा शोधनिबंध मिळाला. गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीवर तुझा पिवळा हायलायटर फिरलेला आहे आणि आतल्या दुसऱ्या तक्त्यावर पेन्सिलीची एकही खूण नाही. वाचन कुठे थांबले, हे त्यावरून कळते.

निष्कर्षाकडे वळण्यापूर्वी संशोधकांनी नेमके काय मोजले, ते पाहावे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ज्यांच्या हृदयाचे अवांतर ठोके पडत राहतात त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. म्हणून ठोके दबले की जीव वाचेल, असे गृहीत धरून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे अमेरिकेत दिली जात होती. ईसीजीची पट्टी सुधारलेली दिसे, त्यामुळे शंका घेण्याचे कारणही फारसे कुणाला जाणवत नसे. पुढे ‘कास्ट’ या चाचणीत, या औषधांनी ठोके दबतात हे आधी पडताळलेल्या १४९८ रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत वाटणी करण्यात आली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागद घेऊन भागाकार कर: शंभरांमागे सुमारे आठ आणि साडेतीन. पट्टी सुधारत होती आणि माणसे मरत होती. तुझ्या निबंधातही बारा आठवड्यांनंतरची रक्तातील साखरच मोजलेली आहे. रुग्णाचा झटका, मूत्रपिंड किंवा आयुष्य यांविषयी त्यात अक्षरही नाही.

दुसरे, टक्के कशाचे, हे विचारावे. झटक्यानंतर ॲस्पिरिन देण्याविषयीच्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. याला ‘सुमारे २० टक्के घट’ म्हणता येते आणि ‘शंभरांत सुमारे अडीच जीव वाचले’ असेही म्हणता येते. दोन्ही खरे असले, तरी जाहिरातीत पहिलेच छापले जाते. याच चाचणीत संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे जन्मराशींनुसार गट पाडून पाहिले, तेव्हा पाश्चात्त्य गणनेनुसार मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक ठरल्याचे दिसले! पत्रिका पाहून गोळी लिहून देण्याचा सल्ला अर्थातच त्यांनी दिला नाही. पुरेसे पोटगट पाडले की निव्वळ योगायोगानेही काहीतरी हाती लागते, हे त्यांना दाखवायचे होते. तू कौतुकाने उद्धृत केलेला ‘पन्नाशीखालील स्त्रियांमधील विशेष लाभ’ आधी ठरवून तपासला होता की आकडे हाती आल्यावर सापडला, ते चाचणीच्या पूर्वनोंदणीत, म्हणजे सुरू होण्यापूर्वीच नोंदवलेल्या आराखड्यात, पाहा.

निधी कुणाचा, हेही बघ; पण कंपनीचे नाव दिसताच निबंध बाजूला टाकण्याची घाई नको, कारण कंपन्यांच्या पैशातून उत्तम चाचण्याही झालेल्या आहेत.

राहिला तो दुसरा तक्ता. औषधाच्या गटातून मध्येच किती रुग्ण गळाले आणि अंतिम हिशेबात ते धरले की वगळले, हे त्याच्या तळटीपेत बारीक अक्षरांत दिले आहे. तो आकडा गुरुवारपूर्वी मला कळव. सादरीकरणाचे त्यानंतर ठरवू.

तुझा शुभेच्छुक