चार्जर लावायचाय, वायरमन म्हणतो अर्थिंग लागत नाही

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणार आयटीआयच्या तारतंत्री विभागातले एक निवृत्त शिल्प निदेशक.)

प्रश्न: सर, नमस्कार. परभणीत आमचं जुनं घर आहे, मंजूर भार २ किलोवॅट. पाडव्याला इलेक्ट्रिक कार घेतली. गाडीवाल्यांनी पाठवलेल्या मुलाने अर्थिंग मोजलं, 'साइट तयार नाही' असं लिहिलं आणि ७.४ किलोवॅटचा चार्जर खोक्यातच ठेवून गेला. घराची सगळी फिटिंग ज्याने केली तो गल्लीतला वायरमन म्हणतो, "काका, त्या पोराला काय कळतंय? अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून देतो, चार्जर गप चालतो." परवानावाला ठेकेदार त्याच्या कितीतरी पट पैसे सांगतो. एवढा फरक कशाचा?
– एक वाचक, परभणी

उत्तर: तुमचा वायरमन खोटं बोलत नाही. त्याने तसं जोडलं तर लाल दिवा जाईल, हिरवा लागेल आणि गाडीही भरेल. घोळ इथेच आहे. अर्थ नसेल तर चार्जरने अडून बसावं अशीच त्याची रचना असते, आणि हा गडी त्याच्या तोंडावर हात ठेवतोय.

न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत गाडलेला असतो, म्हणून चार्जरला तो अर्थसारखाच दिसतो. पण तुमच्या घरापर्यंत येताना तो खांबावरच्या जंपमधून (तारा जोडणाऱ्या तुकड्यातून), सर्व्हिस वायरमधून, मीटरच्या पेटीतून येतो. वळवाच्या वाऱ्यात यातला एखादा जोड सुटला, की घरात चालू असलेल्या पंख्या-कूलरमधून फेज फिरून न्यूट्रलवर येतो. तुम्ही न्यूट्रल अर्थच्या पिनेला बांधलेला, अर्थची पिन गाडीच्या बॉडीला. म्हणजे २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबराच्या टायरवर उभी, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नाही. अंगण धुऊन अनवाणी पायाने कुणी दार उघडायला गेलं, की ती वाट त्याच्या अंगातून.

"आरसीसीबी आहे की," असं तो म्हणेल. आरसीसीबी म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. चार्जरमधली गळती बॉडीवर आली आणि अर्थच्या पिनेला बांधलेल्या न्यूट्रलनेच परत गेली, तर त्याला दोन्हीकडे हिशेब बरोबरच दिसतो. तो पडत नाही.

आधीच कुणी असा उद्योग करून ठेवला असेल तर सापडतो. सॉकेटवर इस्त्री किंवा गीझरसारखा लोड चालू ठेवून जाणकाराकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. लोड चालू असूनही काटा शून्यावर चिकटून राहिला, तर सॉकेट खोलायला लावा. बहुतेक वेळा आत एक बोटभर वायरचा तुकडा निघतो. स्वतः मात्र खोलू नका.

आता अर्थिंग मोजणीत का नापास झालं ते बघू. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये ती इलेक्ट्रोडपासून (अर्थिंगसाठी गाडलेल्या पाइपपासून) सुटते, ओल नाहीशी होते आणि रोध चढतो. घर बांधताना घातलेलं कोळसा-मिठाचं अर्थिंग कुणी पाणी न घालता तसंच सोडलं असेल, तर आज तिथे नुसता गंजलेला पाइप शिल्लक असणार. चार्जरसाठी वेगळं अर्थिंग करून घ्या, शक्यतो अडीच-तीन मीटर खोल. मुरूम लागला म्हणून चार फुटांवर थांबू देऊ नका. आणि अर्थ टेस्टर लावून ते तुमच्यासमोर मोजलं पाहिजे, बल्ब लावून दाखवणं म्हणजे मोजणं नव्हे. मी ५ ओहमच्या आत आलं तरच काम पास करत असे. श्रावणात मोजलेला आकडा मात्र फसवा असतो. खरी परीक्षा मे महिन्यात.

फरक कशाचा, याचं सरळ उत्तर असं की ठेकेदार सही करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमनकडून करायचं असतं. आयटीआय पास झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. ही गोष्ट मी दरवर्षी निरोपाच्या दिवशी पोरांना सांगायचो, तरी निम्मे सर्टिफिकेट लॅमिनेट करून दुकानात टांगायचेच. परवान्यावरचा नंबर आणि मुदत वाचा, शंका आली तर विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारा. तुमचा जुना वायरमन हाताचा चांगला असेल तर त्यालाही ठेकेदाराच्या माणसाबरोबर घ्या. घरातली कोणती वायर कोणत्या भिंतीतून गेलीय ते त्यालाच ठाऊक.

तसाही तुम्हाला ठेकेदार लागणारच. ७.४ किलोवॅटचा चार्जर तासन्‌तास ३२ अँपिअर ओढतो, आणि तुमचा मंजूर भार २ किलोवॅट. महावितरणकडे भारवाढीच्या अर्जासोबत त्याचाच टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. पण त्याआधी एक विचारतो: रोज किती फिरता? रोजचं ३५-४० किलोमीटर असेल तर सहा युनिटच्या आसपास वीज लागते. ३.३ किलोवॅटवर दोन तासांत होते. मोठा चार्जर खोक्यात आलाय म्हणून लावलाच पाहिजे असं नाही. छोट्यासाठीसुद्धा २ किलोवॅट अपुरेच, पण वाढ थोडकी लागेल आणि सर्व्हिस वायरवरचा ताण निम्म्याहून कमी होईल.

मोठाच लावणार असाल तर मीटरपासून स्वतंत्र लाइन, किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची. अंतर लांब असेल किंवा केबल पत्र्याखालून जाणार असेल तर १०. जोड लगला (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाला) क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले हवेत. तार पिळून टेप मारलेली चालणार नाही. मिक्सर पाच मिनिटांत बंद होतो म्हणून त्याचा ढिला स्क्रू खपून जातो, चार्जरचा रात्रभर तापतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, 'ए' टाइपचा. दुकानदार सवयीने 'एसी' टाइपचा देतो. त्याच्यावर नुसती नागमोडी रेघ असते, 'ए' टाइपवर तिच्याखाली अर्ध्या लाटांची आणखी एक रेघ असते. बिलावर नको, डब्यावर बघा. आपल्याकडे विजा किती पडतात हे सांगायला नको, तेव्हा व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरलाही नाही म्हणू नका.

प्रश्न: आम्ही लातूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्कूटरची बॅटरी निघत नाही. गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर: नाही ताई. चार्जिंगसाठी एक्स्टेंशन आणि हलतं सॉकेट दोन्ही नियमात बसत नाहीत. तुमचा मीटर खाली जिन्यापाशीच असेल, तिथून थेट पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन घ्या. वीज तुमच्याच मीटरवर पडते, हे सोसायटीला लेखी दाखवा, म्हणजे कुरबुर थांबेल. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर, कुलूप लावता येईल अशा पाणीरोधक पेटीत बसवा.

प्रश्न: शेतात मोटारीचं थ्रीफेज कनेक्शन आहे. तिथंच गाडी चार्ज केली तर बिल वाचेल ना? कामून घरचं मीटर पळवायचं?
– एक शेतकरी वाचक, सेनगाव

उत्तर: वाचणार नाही, वाढेल. कृषिपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुतीच दर लागतो, युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाल एवढंच. शेतात राहत असाल तर आखाड्यावरच्या घरासाठी वेगळी घरगुती जोडणी मागा. तिथलं अर्थिंगही वेगळं करा, मोटारीच्या स्टार्टरला जोडलेलं वापरू नका.