मुलाची सही, आईचं औषधपाणी

प्रश्न : वय ६८, मुलुंडला एकटी राहते. मुलगा न्यू जर्सीत, आता तिथला नागरिक. माझं ग्रीन कार्ड करतोय. शेजारी म्हणतात, तिथं म्हाताऱ्यांचं औषधपाणी सरकार फुकट करतं. विहीणबाई म्हणतात, हे परक्यांच्या जिवावर जगणं झालं. मला शुगर आहे. खरं काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, दोघांचंही मनावर घेऊ नका.

फुकट म्हणतात ते मेडिकेड, म्हणजे तिथली गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. १९९६च्या कायद्यामुळे ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या प्रौढांना पहिली पाच वर्षं ते सहसा मिळत नाही. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा विमाही सलग पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येतो. तिथं दहा वर्षं नोकरी केलेली नसली की त्याचा हप्ता चांगलाच जड जातो.

मुलाला आधी एक विचारा : आय-८६४ फॉर्म नीट वाचलास का? त्यावर सही करून तो तुमचा खर्च कायद्याने अंगावर घेतो. तुम्ही गरिबांसाठीची सरकारी मदत घेतलीत, तर ते पैसे त्याच्याकडून वसूल होऊ शकतात. तुम्ही नागरिक झालात, तुमच्या नावावर दहा वर्षांच्या कामाची नोंद झाली किंवा ग्रीन कार्ड सोडून कायमच्या परत आलात, तर तो त्यातून सुटतो. मला लिहिणाऱ्या बहुतेक आईवडिलांनी हा कागद पाहिलेलाही नसतो, याचं फार वाईट वाटतं.

विहीणबाईंचं बोलणं मात्र मला लागलं. मुलाची पगाराची स्लिप मागवून बघा. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापलेले दिसतील. तेवढेच कंपनी भरते. त्या पेन्शनला किमान दहा वर्षांचा भरणा लागतो, आणि एका देशात भरलेली वर्षं दुसऱ्या देशात धरण्याचा करार भारत-अमेरिकेत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर सहा वर्षं राबून मुंबईला परतलेल्या मुलांचे पैसे तिथेच राहतात. मग कोण कुणाच्या जिवावर जगतंय? उद्या हक्काने काही मिळालं, तर मान खाली घालून घेऊ नका.

आता शुगरचं. प्रवासी विम्यात जुना आजार बहुधा धरत नाहीत. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ओबामाकेअर या तिथल्या आरोग्यविमा कायद्याखालचा विमा घ्या. त्यात शुगर आहे म्हणून नाकारता येत नाही. त्याचा हप्ता किती, हे मुलाने आजच काढून ठेवावं. आणि इथली आरोग्य पॉलिसी असेल, तर ती चालू ठेवा. या वयात, शुगर असताना, नवी मिळवायला फार वणवण करावी लागते.