वर मजला की मागे खोली? आधी आकडा तपासू

वरच्या मजल्याचं काम आत्ता सुरू करू नये, असं माझं मत आहे. कारणं सांगते. ती पटली नाहीत तरी ठेकेदाराला द्यायची इसाराची रक्कम निदान दोन महिने थांबवा.

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. सोळा वर्षांपूर्वीचं तळमजल्याचं आरसीसी घर, त्यात सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि वयात येणारी दोन मुलं. जागा पुरेनाशी झाली आहे. यजमानांना वर ८०० चौरस फुटांचा पूर्ण मजला हवा आहे. तुम्हाला वाटतं, मागच्या मोकळ्या जागेत २२० चौरस फुटांत एक खोली आणि बाथरूम काढलं तरी भागेल. ठेकेदाराने दोन्हींचे आकडे दिले आहेत. रकमा छापू नका असं तुम्ही लिहिलंय, म्हणून वरच्या मजल्याचा त्याचा आकडा १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात मांडते. त्या हिशेबाने मागची खोली ३४ होते. तुमची शिल्लक ४५ आहे आणि बँक ५५ द्यायला तयार आहे. बेरीज बरोबर १००, तेव्हा थांबायचं कशाला, असं यजमानांचं म्हणणं.

बेरीज इतकी चपखल बसते, तिथेच मला शंका येते. बांधकामाचा खर्च आपल्या शिल्लकेकडे बघून ठरत नाही. बहुधा ठेकेदाराने तुमची ऐपत आधी विचारली आणि आकडा नंतर सांगितला.

तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. त्यात ८०० गुणिले दर एवढंच आहे, आणि खाली ‘सर्व धरून’. या ‘सर्व’मध्ये काय काय येतं ते कुठेच लिहिलेलं नाही. चौरस फुटाचा दर पहिल्या गप्पांपुरता ठीक असतो, पण त्यावर करार करू नये. पहिला प्रश्न असा की हे ८०० मोजले कुठून? ठेकेदार सहसा स्लॅबचं क्षेत्र मोजतो, म्हणजे भिंतींची जाडी, बाल्कनी, खिडक्यांवरचे छज्जे असं बरंच काही त्यात येतं. प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा त्याहून बरीच कमी भरते. त्यातून जिना वजा करा. घरातला जिना प्रत्येक मजल्यावर सत्तर-ऐंशी चौरस फूट खातो, म्हणजे तुमच्या तळमजल्यातलीही तेवढी जागा जाणार. आत्ता जिथे मुलांचं अभ्यासाचं टेबल आहे तिथूनच जिना काढावा लागेल, असं तुमच्या नकाशावरून दिसतं.

कागदात न दिसलेल्या गोष्टी मी माझ्या अंदाजाने भरून पाहिल्या. जिना, त्यावरची हेडरूम (गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी असते ती छोटी खोली) आणि गच्चीचा कठडा यांचे ९. खिडक्या, ग्रिल आणि रेलिंगचे ६. नकाशा, परवानगी, इंजिनियरची फी आणि देखरेखीचे ५. पाण्याची टाकी हलवणं, नळ आणि ड्रेनेजच्या लाइनी खालपर्यंत आणणं, विजेचा मेन बोर्ड आणि लोड वाढवणं याचे ५. स्वयंपाकाचा ओटा, कपाटं आणि थोडं लाकूडकाम धरून ८. हे झाले ३३. जुन्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग फोडून राडारोडा खाली उतरवायचा खर्च मी यात धरलेला नाही, कारण त्याचा आकडा गच्ची पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तरी १३३ होतात. जुन्या बांधकामावर नवं काम करताना अनपेक्षित खर्चासाठी किमान दहा टक्के बाजूला ठेवावे लागतात. म्हणजे १४६.

हे वाचून मी घाबरवते आहे असं यजमानांना वाटेल. नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी २००२ च्या एका अमेरिकी पाहणीचा दाखला दिला आहे. स्वयंपाकघराचं नूतनीकरण करणाऱ्या घरमालकांना सरासरी १८,६५८ डॉलर लागतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात ३८,७६९ लागले. सिमेंटचा भाव चुकल्यामुळे काही दुप्पट होत नाही. काम चालू असताना ‘एवढं केलंच आहे तर हेही करून घेऊ’ असं सुचत जातं, आणि त्या वेळी भिंत उघडी पडलेली असल्यामुळे नाही म्हणणं जड जातं. म्हणून नात्यात किंवा ओळखीत अलीकडे घर वाढवलेले दोघे-तिघे गाठा. त्यांना एस्टिमेट किती होतं हे विचारू नका. शेवटचं बिल दिलं तेव्हा एकूण किती गेले, तेवढंच विचारा.

आता तुमच्या ४५ कडे येते. त्यात सहा महिन्यांच्या घरखर्चाचे १२ आहेत आणि लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ९ आहेत. हे दोन्ही मी बांधकामात धरत नाही. सासऱ्यांच्या औषधपाण्याचं तुम्ही जे लिहिलंय ते वाचल्यावर तर मुळीच नाही. राहिले २४. त्यात बँकेचे ५५ मिळवले की ७९ होतात, आणि लागणार १४६. खड्डा ६७ चा आहे. काम सुरू झाल्यावर हा खड्डा कळला तर तो वैयक्तिक कर्ज काढून किंवा दागिने मोडून भरला जातो, आणि अर्धवट घराच्या मालकाला तेव्हा व्याजदरावर घासाघीस करायची सोय उरत नाही.

पैशाच्या आधीचाही एक प्रश्न आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हे घर वरचा मजला पेलेल का? गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या आहेत, म्हणजे पाया मजल्यासाठीच घेतलाय, असं यजमान म्हणतात. सळयांवरून फार तर एवढं कळतं की तेव्हा मजला चढवायचा विचार होता. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा जमिनीतला काँक्रीटचा पाया, खरोखर किती लांब-रुंद आणि किती खोल आहे ते त्यावरून कळत नाही. शिवाय त्या सळया सोळा पावसाळे उघड्या राहिल्यात. गंजून त्यांची जाडी किती उरली आहे ते तपासावं लागेल. मूळ नकाशे असतील तर शोधा. नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून एक-दोन कॉलमच्या पायाशी खड्डा घेऊन फुटिंग मोजून घ्या. रिबाउंड हॅमरची चाचणी (काँक्रीटवर ठोका मारून तो किती उसळतो ते मोजणं) स्वस्त असते आणि लवकर होते, पण जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, कडक झालेला असतो, त्यामुळे हॅमरचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. काँक्रीटचा कोअर, म्हणजे गोल तुकडा, ड्रिलने काढून दाबाची चाचणी केली तर जास्त भरवशाचं उत्तर मिळतं. कॉलमना जॅकेटिंग (भोवती नवी सळई आणि काँक्रीटचं आवरण) करावं लागेल असं निघालं, तर माझे १४६ सुद्धा विसरा. हा सगळा तपास एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. ठेकेदाराच्या ‘काही होत नाही, मी अशी खूप केलीत’ या शब्दावर तो टाळू नका. आणि तुमच्या प्लॉटवर अजून किती बांधकाम मंजूर होऊ शकतं हेही त्याच फेरीत विचारून घ्या. ते उत्तर नकारार्थी आलं तर पुढचा खर्चच वाचला.

ठेकेदाराच्या कागदावरचं हप्त्यांचं वेळापत्रक तर मला अजिबात मान्य नाही. सुरुवातीला ३०, कॉलम उभे राहिल्यावर ३०, स्लॅब पडल्यावर ३०, शेवटी १०. स्लॅब पडतो तेव्हा ढोबळमानाने निम्मं काम झालेलं असतं. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग सगळं पुढेच असतं. त्या टप्प्यावर ९० हातातून गेलेले असतील तर उरलेल्या १० साठी तो माणूस धावत येईल, अशी आशा धरू नका. बँकेचं गणितही या कागदाशी जुळत नाही. बँक आधी तुमचा वाटा खर्च झालेला पाहते, मग तिचा माणूस येऊन काम किती झालं ते बघतो आणि त्या प्रमाणात कर्जाचा टप्पा सुटतो. ठेकेदार आधी मागणार, बँक नंतर देणार, आणि मधली फट तुम्ही भरणार. करार कोणताही करा, इसार दहा टक्क्यांच्या वर नको, पुढचे पैसे झालेलं काम मोजून द्यायचे, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा गळतीशिवाय गेल्यावरच.

‘पुढच्या महिन्यात सिमेंट वाढणार आहे’ हे त्याचं वाक्य तुम्ही अवतरणात दिलंय. वाढेलही. पण सिमेंटचा वाटा एकूण खर्चात साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाचा असतो. ते दहा टक्क्यांनी महागलं तरी तुमचे १०० जेमतेम १०१.५ होतील. तेवढ्यासाठी घाईने सही करायची गरज नाही.

एस्टिमेट मागायचंच तर परिमाणांसकट मागा. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनियरकडून बाबवार करून घेतलं तर उत्तम. खोदाई, काँक्रीट, लोखंड, वीटकाम, गिलावा, फरशी, प्रत्येकाचं माप आणि दर वेगवेगळा लिहिलेला हवा. पडताळा घरीही घेता येतो. ८०० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण ९.४ घनमीटर काँक्रीट. एम-२० या काँक्रीटच्या दर्जाला घनमीटरमागे ५० किलोची आठेक पोती धरतात, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास पोती. लोखंड घनमीटरला ८० ते १०० किलो, म्हणजे पाऊण ते एक टन. बीम आणि कॉलम याशिवाय. सळईचं वजन काढायला जाडीचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची सळई ०.८९ किलो. एस्टिमेटमधला आकडा यापेक्षा फारच वेगळा असेल तर का, ते विचारा. उत्तर असू शकतं, पण ते त्याच्याकडे तयार हवं.

मागच्या खोलीचे ३४ तुम्हाला महाग वाटले, आणि हिशेब केला तर चौरस फुटाला ती वरच्या मजल्यापेक्षा जवळजवळ पावपट महाग पडतेच. यात ठेकेदाराची लबाडी नाही. छोट्या कामात पाया नव्याने घ्यावा लागतो आणि बाथरूमसारखी खर्चिक जागा थोड्याच फुटांवर वाटली जाते. यजमान नेमका हाच दर पुढे करतात की वरचा मजला ‘फुटाला स्वस्त’. पण बँकेचा हप्ता एकूण रकमेवर बसतो, दर चौरस फुटावर बसत नाही. ३४ मध्ये राहिलेल्या बाबी आणि दहा टक्के राखीव धरले तर मागची खोली माझ्या अंदाजाने ४५ पर्यंत जाते. तुमचे मोकळे २४ वजा केले की कर्ज २१ लागतं.

व्याज ९ टक्के धरून दोन्ही मांडते. ५५ कर्ज २० वर्षांसाठी घेतलं तर परतफेड जवळजवळ ११९ होते, म्हणजे नुसतं व्याज ६४. तेवढाच मासिक हप्ता २१ च्या कर्जाला लावला तर ते साडेचार वर्षांच्या आत संपतं, आणि व्याज साडेचारच्या आसपास जातं. तुम्ही दोघांनी तो हप्ता झेपतो असं ठरवलेलंच आहे. म्हणजे साडेचार वर्षांच्या आत तुम्ही पुन्हा कर्जमुक्त असाल, आणि वरचा मजला तेव्हाही हवासा वाटला तर नव्याने विचार करता येईल. मला स्वतःला वाटतं, तेव्हा तो नको वाटेल. मुलं मोठी झाली की जागेचा प्रश्न पुष्कळदा आपोआप सैल पडतो.

यजमानांच्या बाजूने एक गोष्ट मात्र करा. मागच्या खोलीचा पाया आणि कॉलम वर एक मजला पेलेल असे डिझाइन करून घ्या. आत्ता त्याला थोडंच जास्त लागेल, नंतर तो बदल करणं जवळपास अशक्य असतं. नवं आणि जुनं बांधकाम जिथे भिडेल तिथे सांधा मोकळा ठेवायला सांगा. नवा पाया थोडा खचतो, जुना खचून स्थिरावलेला असतो, त्यामुळे दोन्ही भिंती एकजीव केल्या तर तडा जाणार हे ठरलेलं. त्या सांध्याचं आणि छपराच्या कडेचं वॉटरप्रूफिंग स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्या. सासू-सासऱ्यांना ही खोली द्यायची असेल तर दार रुंद, उंबरा सपाट आणि बाथरूमची फरशी न घसरणारी हवी, हे नकाशातच ठरवा. नंतर फोडाफोड केली तर त्याचेच दुप्पट लागतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की लेकीची ठेव मोडली तर कर्ज २१ ऐवजी १२ वर येईल, मग मोडावी का? हिशेबाने पाहिलं तर ठेवीचं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी आहे, त्यामुळे मोडण्यात थोडा फायदा दिसतो. तरी मोडू नका. कर्ज चार-साडेचार वर्षांत फिटणार, म्हणजे व्याजातली ती बचत फार मोठी नाही, आणि शिक्षणाचे पैसे तीन वर्षांनी एका तारखेला रोख लागणार आहेत. त्या वेळी शैक्षणिक कर्ज काढावं लागलं तर आज वाचवलेलं व्याज तिकडे जाईल. ठेव जिथे आहे तिथेच राहू द्या आणि इंजिनियरचा अहवाल आला की मागच्या खोलीचं बाबवार एस्टिमेट मला पाठवा.